मुलगा बेसबॉलमध्ये कॅचर आहे, अमेरिकेत कॉलेज निवडताना खेळायला मिळण्याला किती वजन द्यावं?

न्यूजर्सीचे_बाबा

नमस्कार मंडळी. आमचे चिरंजीव आता बारावीला जातील. शेजारच्या मुलांबरोबर लिटल लीगला (लहान मुलांच्या बेसबॉलला) गेला आणि तिथंच रमला, तेव्हापासून कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरने टाकलेले बॉल झेलणारा. दोन कॉलेजांकडून विचारणा आहे. एक डिव्हिजन वन (कॉलेजच्या खेळातला सगळ्यात वरचा गट; खाली टू आणि थ्री), दक्षिणेतलं, मोठं स्टेडियम, मोसमात 56 सामने. शिष्यवृत्ती जेमतेम जेवणाचा खर्च निघेल एवढी. दुसरं डिव्हिजन थ्री, घरापासून जवळ, इंजिनिअरिंग उत्तम, 40 सामने. तिथं खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच, पण मार्कांवर बरीच मदत देतायत.

पहिल्या कोचना खेळायला कधी मिळेल असं विचारलं, तर म्हणाले, "जो चांगला खेळेल तो खेळेल." दुसरे म्हणाले, पहिल्याच वर्षी काही सामन्यांत यालाच प्लेटमागे, म्हणजे कॅचरच्या जागी, बसवायचा विचार आहे. मुलाचा जीव मोठ्या कॉलेजात अडकलाय. तो चार वर्षं बाकावर काढेल या विचाराने माझी झोप उडालीय. त्याला अडवावं का?

स्कोअरबुकवाली

दादा, अडवू नका, पण त्याला शेजारी बसवून दोन्ही कॉलेजांच्या साइट उघडा. मी मुलाच्या वेळी हेच केलं होतं. कोचचं उत्तर खोटं नाही, पण त्यातून हाताला काही लागत नाही.

आकडेवारीच्या पानावर जीपी-जीएस असा रकाना असतो. किती सामन्यांत उतरला आणि त्यातल्या किती सामन्यांत सुरुवातीपासून होता, ते त्यात दिसतं. मागची चार वर्षं काढा आणि फक्त कॅचर बघा. समजा 31-9 दिसलं, तर तो बहुतेक वेळा उशिरा आत आलेला आहे. मग रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीवर, जा. फ्रेशमन (पहिल्या वर्षाचे) म्हणून आलेले किती कॅचर सीनिअर (चौथ्या वर्षाचे) होईपर्यंत तिथंच टिकले? मुख्य कॅचर थेट हायस्कूलमधून आलेला की आधी दुसऱ्या कॉलेजात खेळलेला? दर उन्हाळ्यात ट्रान्स्फर पोर्टलमधून (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) एखादा एकविशीतला कॅचर येत असेल, तर कोचच्या मनात काय आहे ते त्या पानावरच छापलेलं आहे.

आणि तुमच्या मुलाची जागा सगळ्यात अवघड. पिचर ढीगभर लागतात, कारण शुक्रवार-शनिवार-रविवारी वेगवेगळे सुरुवात करतात. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूला) दुसऱ्या बेसवर सरकवता येतं. प्लेटमागे एकच माणूस. दुसऱ्या नंबरच्या कॅचरला आठवड्यामधला मंगळवारचा सामना मिळतो, नाहीतर डबलहेडरमधला (एकाच दिवशीच्या दोन सामन्यांतला) एक. तिसरा बुलपेनमध्ये (पिचरांच्या सरावाच्या जागेत) पिचरांचे बॉल झेलत राहतो. पुढे मेजर लीगमध्ये कॅचर म्हणून गाजलेला बस्टर पोझीसुद्धा फ्लोरिडा स्टेट कॉलेजात पहिल्या वर्षी शॉर्टस्टॉप होता, कॅचर नंतर झाला. तुमचा मुलगा फर्स्ट बेस किंवा आउटफिल्ड खेळू शकतो का? बॅट चालत असेल तर हे कोचना आवर्जून सांगा.

ह्यूस्टनकर_काका

ताईंनी नेमकं सांगितलं. माझी थोडी भर. आमचा मोठा डिव्हिजन वनला गेला तो एका कोचच्या भरवशावर. वर्षाच्या आत ते दुसरीकडे गेले. नव्यांनी आपली मुलं आणली, आणि आमच्या मुलाच्या वाट्याला वसंतात जेमतेम काही इनिंग आल्या. फोनवर त्याचा आवाज बदलत गेला, ते मी विसरू शकत नाही. पुढं ज्युनिअर कॉलेजला (इथलं दोन वर्षांचं कॉलेज) गेला, रोज खेळला, आणि मग डिव्हिजन टूला. आज आनंदात आहे.

नियमही बदललेत. पूर्वी डिव्हिजन वनचा संघ 11.7 शिष्यवृत्त्या सगळ्यांत वाटायचा. 2025 पासून, खेळाडूंना थेट पैसे देण्याची नवी व्यवस्था स्वीकारलेल्या कॉलेजांत त्या जास्त देता येतात, पण रोस्टर 34 चा. म्हणजे फॉलचा (मोसमाआधीचा, शरदातला) सराव संपताना काही मुलांना घरी पाठवलं जाणार, आणि त्यात नवखी मुलंच आधी. ते कॉलेज यात आहे का, आणि फॉलला किती मुलं बोलावतात, हे स्पष्ट विचारा.

मेरीलँडची_आई

मी थोडं वेगळं सांगते. आमच्या पिचरला दोन वर्षं फारसं खेळायला मिळालं नाही, तरी त्याने ते कॉलेज सोडलं नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. त्याला सराव आवडायचा, पिचिंग कोचकडून रोज काहीतरी नवं शिकायचा. पण सगळ्या मुलांचा स्वभाव असा नसतो. बाहेरगावच्या सामन्यांना सगळ्यांना नेतही नाहीत. मित्र बसमध्ये आणि आपण हॉस्टेलवर मोबाइलवर स्कोअर बघतोय, हे त्याला झेपेल का, ते तुम्हालाच ठाऊक.

इंजिनिअरिंग घेणार असेल तर लॅबचाही विचार करा. दर आठवड्याला शुक्रवार बुडतो. खेळत असेल तर मूल ते ओढून नेतं.

न्यूजर्सीचे_बाबा

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री दोघांनी बसून आकडे काढले. मोठ्या कॉलेजात चार वर्षांतले दोन मुख्य कॅचर ज्युनिअर कॉलेजमधून आलेले, आणि आत्ताचा सोफोमोर (दुसऱ्या वर्षाचा) आहे, म्हणजे अजून राहणार. मुलगा बराच वेळ त्या रकान्याकडे बघत होता. मग स्वतःच म्हणाला, डिव्हिजन थ्रीच्या कोचना विचारतो, सीनिअर कॅचर गेल्यावर पोर्टलमधून कुणाला आणणार आहात का. गुरुवारी फोन आहे. आणखी काय विचारावं?

स्कोअरबुकवाली

फॉलच्या आपापसातल्या सामन्यांत तिसऱ्या कॅचरला किती इनिंग मिळतात, ते विचारायला सांगा. आणि उन्हाळ्यात मुलांना कुठल्या लीगमध्ये खेळायला पाठवतात, तेही. हे प्रश्न त्यानेच विचारू देत, दादा. कोच मुलाच्या तोंडून ऐकतात तेव्हा जास्त मोकळेपणाने बोलतात.