मदत हवी आहे: मुंबई ते न्यूयॉर्क, थेट विमान की लंडनला थांबून?

नमस्कार. माझी ७२ वर्षांची आई जानेवारीत बहिणीकडे न्यूयॉर्कला प्रथमच एकटी जाणार आहे. हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर असून थेट विमानाला जाताना पंधरा-सोळा तास लागतात. परतताना पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वेगवान वारे पाठीशी असल्याने प्रवास बराच लवकर संपतो. पार्ल्याच्या घरातल्या जुन्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, तेव्हा लंडनमार्गे गेल्यास वाट फारशी लांबत नाही हे लक्षात आले. मुंबई ते लंडन साधारण ७,२०० आणि पुढे ५,५००, म्हणजे जास्तीचे अंतर जेमतेम २०० किलोमीटर. (आईला मात्र किलोमीटरांपेक्षा गोड्या मसाल्याच्या डब्याची काळजी अधिक!)

तिचे गुडघे तासाभरात आखडतात, त्यामुळे मध्ये उतरून चालता येईल हे खरे. पण लंडनला पुन्हा सुरक्षा तपासणी आणि बदललेले टर्मिनल तिला एकटीने जमेल का, याची धास्ती वाटते. ज्येष्ठांना असे एकटे पाठवलेल्यांनी कोणता मार्ग निवडला, व्हीलचेअरची सोय दुसऱ्या विमानापर्यंत विनाखंड मिळाली का आणि साडेदहा तासांच्या वेळफरकात औषधांच्या वेळा कशा बसवल्या, हे कृपया कळवावे.