वाफ्यात माती नकोच म्हणे!

जुनीकुदळ: काल इथेच एकाने ठणकावून लिहिलं, 'उंच वाफ्यात माती घालणं म्हणजे अडाणीपणा. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा), निम्मं गांडूळखत, विषय संपला.' विषय संपत नाही हो, वाफा संपतो! मीही हेच करून बसलो होतो. काठोकाठ भरलेला वाफा वर्षभरात वीतभर खाली गेला, कारण हा सगळा माल कुजतोच. त्यात कोकोपीट न धुता घातलेलं. त्यातल्या क्षारांनी रोपांच्या पानांच्या कडा करपल्या, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम ते स्वतःच धरून बसतं ते वेगळंच. निम्म्याहून जास्त माती, पाव हिस्सा नीट कुजलेलं खत, बाकी लागेल तसं. आता बोला.

गांडूळराव: अडाणी तुम्हाला म्हटलं नव्हतं, पण लागलेलं दिसतंय. बाहेरची माती म्हणजे तण, मुळांना लागणारे सूत्रकृमी आणि ढेकळं. माझ्या वाफ्यात हात मनगटापर्यंत जातो. तुमच्याकडे कुदळ लागते, नावातच आहे.

जुनीकुदळ: हात मनगटापर्यंत जातो म्हणूनच टोमॅटो आडवे झाले. फोटो तुम्हीच टाकला होता.

पानगळ: भांडताय कशाला? दोघंही राख विसरलात. मी दर आठवड्याला मूठभर टाकते. फुकटचं पोटॅश. आजी टाकायची.

सामूवाला: दर आठवड्याला? ताई, राख म्हणजे चुन्याची धाकटी बहीण. मातीचा सामू, म्हणजे pH, चढत जातो (७ च्या वर अल्कधर्मी), मग मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. ओळखीचं वाटतंय का?

पानगळ: पिवळी आहेत, पण ती पाण्यामुळे.

लाकूडतोड्या: राख राहू द्या, मी ताजा भुसा मातीत मिसळून पस्तावलोय. कुजायला कर्ब-नत्र गुणोत्तर (नायट्रोजनच्या किती पट कार्बन) २५-३० च्या आसपास लागतं, भुशाचं शेकड्यांत. जिवाणूंनी सगळं नत्र खाल्लं, रोपं खुरटली. तोच भुसा नुसता वर अंथरला असता तर...

पानगळ: इथे राखेवर चाललंय. आजीचं कधीच काही बिघडलं नाही.

सामूवाला: आजींची जमीन आम्लधर्मी असेल, नाहीतर ती मूठ अख्ख्या परसात पसरत असेल. तुमचा वाफा ४ फुटांचा! सामू न तपासता राख घालणं म्हणजे डोळे मिटून मीठ टाकणं.

पानगळ: आजीवर जायचं काम नाही.

सामूवाला: आजीवर कोण गेलंय? सामूवर बोलतोय!

गांडूळराव: आणि कुदळसाहेब, तुमच्या त्या 'पाव हिस्सा खता'ने माझा घेवडा गेलाय मागे. पानं वाटीसारखी वळली. चाऱ्यावरचं तणनाशक शेणातून आलं होतं.

जुनीकुदळ: मग गांडूळखत कशाचं होतं? बहुतेकदा त्याच शेणाचं! अमिनोपायरॅलिडसारखं तणनाशक खत कुजल्यावरही टिकून राहतं. नवं खत आलं की एका कुंडीत ते मिसळून घेवड्याचे चार दाणे पेरा, शेजारच्या कुंडीत बिनखताची माती. तीन आठवडे बघा, मग वाफ्यात घाला.

गांडूळराव: हे बरोबर आहे. नाइलाजाने म्हणतोय. यंदा माती घालेन, पण पावच. निम्मी घातली तर तुम्ही डोक्यावर बसाल.

सामूवाला: पानगळताई, सामू तपासलात?

पानगळ: ८ दाखवतोय. किट जुनं आहे.