डिसेंबरात कुत्र्यांना घेऊन डोंगर चढायचाय, सोलापूरहून कुठं जावं?

बिजलीचा_मालक

नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे होता. आम्ही चार दोस्त आहोत, जुळे सोलापूर आणि विजापूर रोड भागातले, ट्रेकला जायची सवय आहे पण यंदा ठरलंय की कुत्र्यांना पण सोबत न्यायचं. माझी कारवानी, म्हणजे सडपातळ शिकारी जातीची, कुत्री आहे बिजली, एका दोस्ताचा लॅब म्हणजे लॅब्रेडोर आहे सुलतान, चांगला गुबगुबीत, आणि तिसरा काळ्या, तो आपला गल्लीतलाच, पिल्लू असताना दोस्तानं उचलून घरी आणलेला. तिघांचं आपसात लई जमतं, रोज सकाळी संभाजी तलावाकडं एकत्रच फिरायला असतात.

कार्तिकी उरकल्यावर आणि जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या आधी कधीतरी जायचंय, म्हणजे पाऊस नाही, चिखल नाही आणि ऊनही मवाळ. माझ्या डोक्यात कळसूबाई आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, कुत्र्यांसोबत तिथं पोचलो तर भारीच वाटेल. एक दोस्त म्हणतोय एवढ्या लांब नगर जिल्ह्याच्या टोकाला कशाला, येडशीचं रामलिंग जवळ आहे, तिथंच डोंगरात फिरू. रात्री वर तंबू टाकून राहायचा पण विचार आहे. कुत्र्यांना घेऊन नेमकं कुठं चालतं, सुलतानला झेपेल का, खायला प्यायला काय न्यावं, आणि बिजलीच्या अंगावर केस नाहीतच म्हटलं तरी चालेल तर तिला वरच्या वाऱ्याचा त्रास होईल का. कुणी आपली कुत्री नेली असतील त्यांनी जरा सविस्तर सांगा की.

माणदेशी_भटक्या

मालक, पहिलं म्हणजे कळसूबाई आणि रामलिंग दोन्ही डोक्यातून काढा. कळसूबाई हे कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं आणि रामलिंगचा डोंगर म्हणजे येडशी रामलिंग घाट अभयारण्य. अभयारण्यात पाळीव कुत्रा न्यायचा नसतो, आणि हा नियम नुसता कागदावरचा नाही, कुत्र्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्होसारखे रोग लांडगा कोल्ह्यांपर्यंत जातात. आपल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पण हीच अडचण आहे, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांचा मोकाट कुत्र्यांपुढं निभाव लागत नाही. शिवाय रामलिंगला डिसेंबर २०२४ मध्ये वाघ आलेला, कॅमेऱ्यात सापडला होता आणि बार्शी तालुक्यातल्या गावांत पण त्यानं जनावरं मारली होती, सगळ्यांनी बातम्या वाचल्याच असतील. आणि कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, तिथं माणसं रांगेत चढत असतात, पस्तीस किलोचा लॅब खांद्यावर घेऊन शिडी चढणार का, उतरताना तर त्याहून वाईट.

त्यापेक्षा आपल्या बाजूचे डोंगर बघा ना. पंढरपूर, पिलीव, म्हसवड करत दहिवडीकडं निघालं की शंभू महादेवाची रांग लागते, माण खटाव भागातले बरेच गड ह्याच डोंगरांवर आहेत. महिमानगड तर सातारा पंढरपूर रस्त्यालगतच्या गावावर आहे, गाडी गावात लावा आणि चढा. त्याच रस्त्यानं पुसेगावच्या पुढं वर्धनगड, त्याची वाट पायऱ्यांची आहे, पायथ्याच्या गावाचं नाव पण वर्धनगडच. खटाव तालुक्यात भूषणगड आहे, एकटाच उभा डोंगर, लांबून दिसतो. हे गड छोटे आहेत, उन्ह वर यायच्या आत चढून बसता येतं, शिडी नाही, दोर नाही, गर्दी पण नाही. पुण्याकडचे लोक इथं फार येत नाहीत, आपल्याला मात्र घरचे आहेत.

एक मात्र पाळा. वर्धनगडावर वर्धनीमातेचं देऊळ आहे आणि भूषणगडावर हरणाई देवीचं, गावकऱ्यांची रोजची ये-जा असते. देवळाच्या आवारात कुत्रं न्यायचं नाही, दोघं आत जावा, दोघं बाहेर कुत्र्यांपाशी थांबा. आणि खाली गावात गाडी लावताना कुणीतरी म्हातारं माणूस बसलेलं असतंच, त्यांना सांगून मगच वर जावा की कुत्री सोबत आहेत आणि बांधून नेतोय म्हणून. ते सांगतात आज वर शेरडं आहेत का, वानरं कुठल्या बाजूला आहेत, पाणी कुठल्या टाक्यात आहे, ही माहिती दुसरीकडं मिळत नाही.

पशुवैद्य_ताई

मी प्राण्यांची डॉक्टर आहे. जागेबद्दल वरच्या दादांनी सांगितलं ते योग्यच आहे, मी कुत्र्यांच्या अंगानं लिहिते.

थंडीची काळजी सगळे करतात पण नोव्हेंबर डिसेंबरात डोंगरावर कुत्र्याला सगळ्यात जास्त त्रास कुठल्या गोष्टीचा होत असेल तर तो कुसळांचा. पावसाळ्यातलं हिरवं गवत ह्याच दिवसांत वाळून पिवळं पडतं आणि कुसळं सुटी होतात. आपल्या मोज्यांत घुसतात तेव्हा आपण उपटून टाकतो, कुत्र्याला ते जमत नाही. कुसळाचं टोक भाल्यासारखं असतं आणि त्यावर मागं वळलेले बारीक केस असतात त्यामुळं ते पुढंच सरकतं, मागं येत नाही. त्याची जी लांब शेपटी असते ना तिला पीळ असतो, ओल लागली की पीळ सुटायला लागतो आणि कुसळ फिरत फिरत आत शिरतं, बी मातीत रुजावं म्हणून ही सोय आहे पण तेच कुत्र्याच्या दोन बोटांच्या मधे किंवा कानात झालं की पू धरतो, आणि मग भूल देऊन काढावं लागतं. हिवाळ्यात अशी कुत्री दवाखान्यात येतातच.

म्हणून जायच्या आधी सुलतानच्या पंजाच्या बोटांमधले आणि कानाच्या आसपासचे केस कापून घ्या. वाट सोडून उंच गवतात जाऊ देऊ नका. आणि उतरल्यावर गाडीत घालायच्या आधी प्रत्येकाला उन्हात आडवं करा, एकेक पंजा हातात घेऊन बोटं फाकवून बघा, वरून पण आणि गादीच्या बाजूनं पण, मग काखा, जांघा, कानाची आतली बाजू, पापणीच्या कडा. नुसत्या डोळ्यांनी नाही, बोटांची टोकं केसांत उलटी फिरवत न्या, कुसळ डोळ्याला दिसायच्या आधी हाताला लागतं. गोचीड पण असंच सापडतं. घरी आल्यावर कुत्रं एकसारखं शिंकायला लागलं, मान एका बाजूला झाडायला लागलं किंवा एकच बोट चाटत बसलं तर दोन दिवस वाट बघू नका, दाखवून घ्या.

गोचिडावरचं औषध जायच्या आधीच डॉक्टरला विचारून लावून घ्या. रेबीजची आणि लेप्टोवाली (उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणाऱ्या रोगाची) लस चालू आहे ना ते बघा, गडावरच्या टाक्यातलं साचलेलं पाणी पाजायचं नाही, आपलं पाणी न्यायचं, तिघांसाठी माणसांपेक्षा वेगळं धरा.

आता सुलतान. गुबगुबीत लॅबला थंडीत पण ऊन बाधतं कारण कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, बहुतेक उष्णता जिभेवाटे धापा टाकून बाहेर टाकायची असते. आपल्याकडं डिसेंबरात सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी काळा कातळ चांगला तापतो. तुमचा तळहात कातळावर थोडा वेळ टेकवून बघा, तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजाला पण सोसणार नाही. धापा थांबेनात, लाळ घट्ट यायला लागली, हिरड्या लालभडक झाल्या की तिथंच सावलीत बसवा, पोटाला आणि पंजांना पाणी लावा आणि परत फिरा. वर पोचायचंच म्हणून ओढू नका. लॅब मालकासाठी पाय तुटेपर्यंत चालतो, तो स्वतःहून नको म्हणणार नाही, ते तुम्ही ओळखायचं.

बिजलीचं उलट आहे. कारवानीच्या अंगावर चरबी नसते, कातडी पातळ, पहाटे वरच्या वाऱ्यात ती कुडकुडणार, चालताना काही नाही पण थांबलात की अंगावर जाड कापड टाका. तिची छाती खोल आहे, अशा कुत्र्यांना भरपेट खाऊन पळवलं तर पोटाला पीळ पडायचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो. रात्री जेवण द्या, सकाळी चढायच्या आधी थोडंसं काहीतरी, आणि मोठं जेवण खाली उतरून दमानं.

खाण्यात ज्वारीची भाकरी आणि उकडलेलं अंडं चालतं. तुमच्या डब्यातलं मात्र काही देऊ नका, कांदा लसूण कुत्र्याला चालत नाही, आणि द्राक्षं बेदाणे तर अजिबात नाही, किडनीवर जातात. आपला भाग द्राक्ष बेदाण्याचा, ट्रेकच्या खिशात बेदाणे असतातच आणि मायेनं कुणीतरी मूठभर देतं, म्हणून मुद्दाम लिहितेय. ब्रुफेन, पॅरासिटामॉल असल्या माणसांच्या गोळ्या लंगडत असलं तरी देऊ नका.

बिजलीचा_मालक

ताई, दादा, लई लई आभार. कुसळाचं तर आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. महिमानगड पक्का धरतो मग. आता दोन गोष्टी अजून, बिजलीला मोकळं सोडलं तर ती हाकेवर येते पण ससा दिसला की काही ऐकत नाही, तर वर मोकळ्या माळावर थोडा वेळ सोडावं का. आणि मुक्कामाचं काय.

धनगरवाडा

भाऊ, सोडू नका. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं आहेत म्हणून सांगतो. कारवानी ही नजरेवर पळणारी जात, डोळ्याला हललेलं दिसलं की निघाली, मग मालकाची हाक तिच्या कानात शिरत नाही, त्यात तिचा दोष नाही, त्याच कामासाठी ही जात वाढवलीय. पण ससा मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे, कुत्र्यानं मारला म्हणून मालक सुटत नाही. आणि गडावर पळता पळता तटावरून पुढं कडा आहे हे तिला कळायच्या आत ती हवेत असते. वानरांच्या मागं लागून पण असंच होतं.

दुसरं मेंढरांचं. दिवाळीनंतर आमचे कळप हलायला लागतात, माण फलटणकडचे बरेच खाली कोकणाकडं जातात, काही मागं राहतात. रस्त्यात नाहीतर डोंगराच्या पायथ्याला कळप भेटणारच. कळपासोबत आमची कुत्री असतात, ती परक्या कुत्र्याला लांबूनच ओळखतात आणि सरळ अंगावर येतात, कारण त्यांचं कामच ते आहे, लांडगा असो नाहीतर तुमचा सुलतान. कळप दिसला की थांबा, कुत्र्यांना आखूड पट्ट्यावर घ्या, मेंढक्याला लांबूनच आवाज द्या, तो आपली कुत्री बोलावून घेईल नाहीतर तुम्हाला कुठल्या बाजूनं जायचं ते हातानं दाखवेल. कळपातून मधून गाडी किंवा कुत्री घालू नका, ह्या दिवसांत कोकरं असतात, एक बिथरलं की सगळी बिथरतात. पट्टा गळ्यात नको, छातीवरून जाणारा घ्या, गळ्यातला पट्टा कारवानीच्या बारीक डोक्यावरून झटक्यात निघतो. आणि ते लांब होणारं दोरीचं यंत्र मिळतं ते अजिबात नको, साधी जाड नाडी बरी.

मुक्काम वर करू नका. बिबट्याला कुत्रं लई आवडतं. सातारा भागात बिबटे आहेत, आणि आपल्या करमाळ्यात डिसेंबर २०२० मध्ये काय झालं ते विसरलेलं नाही कुणी, माणसं गेली होती. तंबूच्या बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला बोलावणंच. राहायचंच तर गावात कुणाच्या तरी घरी नाहीतर खोलीत राहा आणि कुत्री आतच घ्या.

ऊसपट्टा

जागा आणि कुत्र्यांचं सगळं सांगून झालंय, मी फक्त रस्त्याचं सांगतो. हंगाम चालू झालाय, पंढरपूर माळशिरस पट्ट्यात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, अंधारात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर एकदम पुढ्यात येतो. त्यामुळं मध्यरात्री निघून पहाटे पायथ्याला पोचायचा बेत नको. आदल्या दुपारीच निघा, उजेडात दहिवडीला पोचा, तिथं मुक्काम करा, सकाळी फटफटलं की चढायला सुरुवात. मार्गशीर्षाच्या सुरुवातीला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ असतो, तेवढे दिवस टाळा, रस्ता जाम असतो आणि त्या गर्दीत, गुलालात कुत्री घाबरतात.

गाडीत तिन्ही कुत्री मागं मोकळी सोडू नका, ब्रेक लागला की ती पुढं येतात. दर दीड दोन तासांनी उतरवा, पण उतरवताना आधी पट्टा हातात, मग दार.

पशुवैद्य_ताई

एक राहिलं, सापाचा विषय काढायला हवा होता. माणकडच्या दगडगोट्यांत फुरसं हा विषारी साप असतो, थंडीत सकाळी ते उन्हाला दगडावर येऊन बसतं आणि कुत्रं नाक लावायला जातं. कुत्र्यांना पण माणसांचंच सापाच्या विषावरचं इंजेक्शन देतात, ते वेळेत मिळावं म्हणून थोबाड किंवा पाय अचानक सुजला तर बांधाबांध, चिरणं काही करू नका, उचलून खाली आणा, चालवू नका. जायच्या आधी दहिवडी आणि साताऱ्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांचे नंबर आणि वेळा फोन करून विचारून ठेवा, रविवारी कुठलं चालू असतं ते पण. काळ्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही, गावठी कुत्री काटक असतात म्हणून त्यांना तपासायचं राहून जातं, त्याचे पण पंजे तेवढेच बघा.

बिजलीचा_मालक

बघतो ताई, त्याचे आधी बघतो. ठरलं मग, तंबू घरीच ठेवतो, शनिवारी दुपारी निघून दहिवडीत खोली, तिथं कुत्री चालतात का ते आजच फोनवर विचारतो. छातीचे पट्टे उद्या नवी पेठेत बघतो, मिळाले नाहीत तर पुण्याहून मागवतो. सुलतानला उद्यापासून संभाजी तलावाऐवजी हिप्परग्याच्या बाजूला कच्च्या वाटेवर चालवायला सुरुवात करतोय, घरच्या फरशीवर राहून त्याचे पंजे लई मऊ झालेत. महिन्याभरात घट्ट होतील का ताई, का बूट घ्यावेत?

पशुवैद्य_ताई

रोज थोडं थोडं वाढवलं तर महिना पुरतो. बूट घ्यायचे तर आत्ताच घ्या आणि घरात घालून सवय करा, पहिल्यांदा गडावरच घातले तर तो चालणारच नाही. आणि महिन्यात त्याचं दोन किलो वजन पण उतरवा, भाकरी अर्धी करा.