कासवाला जंत: शेळीचं इंजेक्शन चालेल का?

प्रश्न (लातूर): सल्काटा कासव, वजन १.२ किलो. विष्ठेत बारीक पांढरे जंत दिसताहेत. घरात शेळ्यांचं आयव्हरमेक्टिन (जंताचं इंजेक्शन) आहे, थेंबभर देऊ का?

उत्तर (परभणी): अजिबात नको! कासवाला त्याने लकवा होतो, श्वास बंद पडून जीव जातो. फेनबेंडाझोल तोंडावाटे, किलोला ५० मिग्रॅ. म्हणजे तुमच्याकडे ६० मिग्रॅ: १० टक्क्यांच्या औषधाचे ०.६ मिली, २.५ टक्क्यांचं असेल तर २.४ मिली. लेबल नीट वाचा, घोळ तिथेच होतो. दोन आठवड्यांनी पुन्हा. रोज देत राहू नका, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात.

उत्तर (नांदेड): आधी ताजी विष्ठा तपासून घ्या. वाळली की फ्लॅजेलेट (आतड्यातले एकपेशीय परजीवी) सापडत नाहीत, आणि त्यांना मेट्रोनिडाझोलच लागतं. तो डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंग सुकलेलं असतं, म्हणून औषधाआधी कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीच्या खाली.