रिमोट चावी चालत नाहीये, बी विंग बेसमेंट

बी-६०३: नमस्कार. आमच्या गाडीची रिमोट चावी सकाळपासून दाद देत नाहीये. बटण दाबलं की ना दिवे लुकलुकतात, ना दार उघडतं. साडेदहाला सासूबाईंना डायलिसिसला न्यायचंय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात टो करून आणा. कोणी सुचवेल का काही? 🙏

सी-२०२: ताई, मी अर्ध्या तासात निघतोय, सोडू का?

ए-१०४ काका: आधी गाडी उघडून बघू, पाच मिनिटांचं काम आहे. चावीच्या कडेला बारीक खटका असेल. तो सरकवून टोक ओढलं की आतून लोखंडी चावी निघते. ड्रायव्हरच्या दाराला भोक दिसतंय का?

बी-६०३: चावी निघाली काका! पण भोक कुठेच नाही.

ए-१०४ काका: हँडलच्या मागच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असेल. तिच्या खालच्या फटीत चावीचं टोक घालून अलगद उचका. भोक तिच्याखाली असतं.

बी-६०३: उघडलं! पण अलार्म कोकलायला लागलाय, वॉचमन धावत आला 😟

ए-१०४ काका: वाजू दे. रिमोटऐवजी चावीने दार उघडलं की बऱ्याच गाड्या असं करतात. आता सीटवर बसा, ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक, गिअरची असेल तर क्लच पूर्ण दाबून धरा. रिमोट थेट स्टार्टच्या बटणाला टेकवा आणि रिमोटनेच बटण दाबा.

बी-६०३: सुरू झाली!!! अलार्मही थांबला. वाटेत बंद तर नाही ना पडणार?

ए-१०४ काका: चालू इंजिन चावीमुळे बंद पडत नाही. हॉस्पिटलहून निघताना पुन्हा अशीच सुरू करा. सावकाश जा.

डी-३०१: काका, रिमोटचा सेल गेलेला असताना गाडी सुरू कशी झाली?

ए-१०४ काका: चावीत दोन वेगळी कामं चालतात. दार उघडायचा संदेश रेडिओवर जातो, आपल्याकडे साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर, आणि त्याला सेल लागतो. इंजिनाच्या परवानगीसाठी मात्र आत एक चिमुकली चिप असते, तिला स्वतःचा सेल नसतो. स्टार्टच्या बटणामागे तारेचं वेटोळं असतं. ते साधारण १२५ किलोहर्ट्झवर चुंबकीय क्षेत्र तयार करतं, चिप त्यातूनच वीज घेते आणि आपला क्रमांक सांगते. ही ओळख दोन-चार सेंटिमीटरवरूनच पटते, म्हणून टेकवायला सांगितलं. काही गाड्यांत ती जागा बटणाऐवजी कपहोल्डरमध्ये किंवा कन्सोलच्या खणात असते. गाडीच्या पुस्तकात चित्र असतं, सगळ्यांनी आजच बघून ठेवा.

सी-५०४: सेलच गेला असणार. सीआर २०३२ घाला, घड्याळाच्या दुकानात पन्नास-शंभर रुपयांत मिळतो.

डी-३०१: मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबा, लाईट दिसला की रिमोट चांगला.

ए-१०४ काका: ती युक्ती टीव्हीच्या रिमोटची. त्यात इन्फ्रारेड असतं, ते कॅमेऱ्याला दिसतं. गाडीच्या रिमोटची रेडिओ लहर कॅमेऱ्याला दिसत नाही.
आणि सेल उघडून, नंबर वाचून मगच आणा. २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ तेवढाच रुंद पण २.५ जाडीचा. तो २०३२ च्या जागी बसल्यासारखा वाटतो आणि पत्री नीट टेकत नाही. हल्ली मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही सेलना कडू लेप देतात. लेप चांगल्यासाठीच आहे, पण काही उपकरणांत त्याच्यामुळे संपर्क होत नाही. नवा सेल घालूनही रिमोट मेलेला वाटला तर हेही तपासा.

डी-७०२ डॉक्टर: मुलांचा विषय निघालाच आहे तर सगळ्यांनी थांबून वाचा. काढलेला जुना सेल टेबलावर ठेवू नका. रिमोट चालवण्याइतका दम नसला तरी लहान मुलाची अन्ननलिका जाळण्याइतका दम त्यात असतो. २० मिलिमीटरचा सेल अन्ननलिकेत नेमका अडकतो, ओल्या त्वचेतून प्रवाह सुरू होतो आणि दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. मूल सुरुवातीला नुसतं लाळ गाळतं किंवा जेवण नको म्हणतं. गिळल्याचा संशय जरी आला तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, एक्स-रे आणि एंडोस्कोपीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्याच्या डब्यात टाका. माझी कळकळीची विनंती आहे.

ए-१०४ काका: 🙏 डॉक्टर, हे पिन करायला हवं.

सेक्रेटरी: केलं पिन.

बी-६०३: पोहोचलो, आईंचं सुरू झालंय. पण एक सांगू का? इथल्या पार्किंगमध्ये सवयीने बटण दाबलं आणि गाडी लॉक झाली! परत दाबलं, उघडली. सेल तोच, काही केलेलं नाही.

ए-१०४ काका: मग सेल विकत घेऊ नका. चावी चांगली, गाडीही चांगली. भानगड आपल्या बेसमेंटमध्ये आहे. बी विंगच्या कोपऱ्यात गाडी लावणाऱ्या बाकीच्यांचं काय?

सी-२०२: माझी गाडी त्याच रांगेत आहे. दारापाशी उभं राहून चार-पाचदा दाबावं लागतं. सेल कालच नवा घातला, फरक नाही.

बी-४०१: आमची स्पेअर चावीसुद्धा चालत नाही. मुलगा म्हणाला दोन्ही चाव्यांचं कोडिंग उडालं, नवीन चावीचा भाव काढत होतो. हजारांत सांगताहेत.

ए-१०४ काका: दादा, ऑर्डर देऊ नका. एकच चावी बिघडली तर चावीवर संशय घ्यावा. दोन्ही एकदम अडल्या तर गाडीवर किंवा जागेवर. गाडीची मोठी बॅटरी उतरली तरी दोन्ही चाव्या मुक्या होतात, पण तेव्हा आतला दिवाही मंद लागतो. इथे तर तीन वेगळ्या गाड्या एकाच कोपऱ्यात अडल्या आहेत. कोणीतरी त्याच ४३३ वर सतत बोलतंय आणि त्या गलक्यात चावीचा आवाज गाडीला ऐकू जात नाही. मी आकाशवाणीत ट्रान्समीटरवर नोकरी केली आहे, हा प्रकार ओळखीचा आहे.

ए-५०८: असं खरंच होतं काका? एवढ्या गाड्या?

ए-१०४ काका: अख्खी वस्ती अडते. २०१९ साली अमेरिकेत ओहायोमधल्या नॉर्थ ओल्मस्टेड गावात लोकांच्या गाडीच्या चाव्या आणि गॅरेजची दारं चालेनाशी झाली होती. शोधत गेल्यावर एका घरात हौसेने बनवलेलं, सेलवर चालणारं यंत्र सापडलं. वरच्या मजल्यावर कोणी आहे का, हे कळावं म्हणून त्या माणसाने ते केलं होतं. ते सतत ३१५ मेगाहर्ट्झवर लहरी सोडत होतं, तिकडच्या चाव्या त्याच पट्ट्यात चालतात. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला कल्पनाच नव्हती.
सेक्रेटरी, बी विंगच्या बाजूला इतक्यात काही नवीन बसवलंय का? वायरलेस बेल, कॅमेरा, गेटचा रिमोट, काहीही?

सेक्रेटरी: पंप रूममध्ये टाकीचा लेव्हल कंट्रोलर बसवलाय, परवाच. गच्चीवरच्या टाकीत सेन्सर आणि खाली पॅनेल. वायर ओढायला नको म्हणून वायरलेस घेतला.

ए-१०४ काका: पंप रूम त्याच कोपऱ्याला लागून आहे. असे स्वस्त कंट्रोलर बहुतेक ४३३ वरच चालतात, कारण तो पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय वापरता येतो. नीट चालणारा क्षणभर बोलून गप्प होतो, बिघडलेला बोलतच राहतो. टाकी भरली असेल तर पॅनेलचा पुरवठा पाच मिनिटं बंद करा. सी-२०२, तुम्ही चावी घेऊन गाडीपाशी उभे राहा.

सी-२०२: मी आता ऑफिसात, संध्याकाळी करू.

बी-४०१: मी आहे घरी, उतरतोय.

सेक्रेटरी: वॉचमनला सांगितलंय, बंद केलं बघा.

बी-४०१: चालली!! लिफ्टपाशी उभं राहून दाबलं तरी उघडली. स्पेअरही चालली.

ए-१०४ काका: आता पॅनेल चालू करा आणि परत दाबा.

बी-४०१: चालू केलं. बंद. दोन्ही चाव्या बंद.

ए-१०४ काका: सापडला.

बी-६०३: काका, तुमचे किती आभार मानू. मी दुपारी आईंना घेऊन सरळ सर्व्हिस सेंटरलाच जाणार होते.

डी-३०१: मधल्या काळात इतकी बटणं दाबलीत, त्याने चावी बिघडत नाही ना? माझा नातू दिवसभर दाबत बसतो.

ए-१०४ काका: प्रत्येक दाबाला नवा सांकेतिक क्रमांक जातो, चोराने जुना पकडून उपयोग होऊ नये म्हणून. गाडीपासून लांब फार वेळा दाबलं तर चावीचा हिशोब पुढे जातो आणि गाडी मागे राहते. बहुतेक वेळा जवळ जाऊन दोनदा दाबलं की जुळतं. पण नातवाच्या हातात चावी नको, डॉक्टरांनी वर लिहिलंय ते वाचा.

सेक्रेटरी: कंट्रोलरवाल्याशी बोललो. वॉरंटीत आहे, उद्या येऊन काढून नेईल. त्याला वायरचा फ्लोट सेन्सर बसवायला सांगितलंय, डक्टमधून वायर जाते. तोवर पंप हाताने चालेल, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. टाकी ओसंडताना दिसली तर वॉचमनला फोन करा.

बी-४०१: चावीची ऑर्डर रद्द केली.