खालचा रक्तदाब का वाढत नाही?

व्यायामात सिस्टोलिक (हृदय आकुंचन पावतानाचा, वरचा रक्तदाब) वाढतो, मग डायस्टोलिक (दोन ठोक्यांमधला, खालचा) का नाही, हा तुमचा प्रश्न फर्स्ट इयरला हमखास अडतो. सूत्र पाठ करण्यापेक्षा अजिंक्यतारा किल्ल्याचा चढ डोळ्यांसमोर आणा. विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फेकतं; दमछाक करणाऱ्या चढावर १५ लिटरपर्यंतही जाऊ शकतं, म्हणून सिस्टोलिक वाढतो. पण त्याच वेळी मांड्या-पोटऱ्यांत पोटॅशियम, अ‍ॅडेनोसिन, कार्बन डायऑक्साइड साचून आर्टेरिओल्स (बारीक धमन्या) रुंदावतात, रक्तप्रवाहाला होणारा एकूण रोध घटतो आणि डायस्टोलिक जवळपास तिथंच राहतो, कधी किंचित उतरतोही.

मूठ आवळून धरली की मात्र वेगळं! ताठलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, त्याच्याकडून निघणारा रिफ्लेक्सही (प्रतिक्षिप्त क्रिया) जोर करतो, आणि दोन्ही आकडे चढतात. प्रॅक्टिकलला हँडग्रिप करताना रक्तदाब मोजायचा कफ (पट्टा) दुसऱ्या हाताला बांधून हे जरूर बघा.