हुशार मुलांची ‘शिकण्याची शैली’ शोधावी, की त्यांना खेळू द्यावं?

मोकळामांडव: चार-पाच वर्षांचं मूल वयाच्या मानाने फार पुढे दिसलं, की त्याची शिकण्याची शैली ठरवायची घाई सुरू होते: दृश्य (बघून शिकणारं), श्राव्य (ऐकून) की कृतिशील (करून). माझ्या मते हा वेळ वाया जातो. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये यावरचे अभ्यास तपासले. शैलीनुसार शिकवल्याने मूल जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यापेक्षा खोट्या-खोट्या खेळाला रोज सलग पाऊण तास द्या. पहिली दहा-पंधरा मिनिटं तर कोण काय होणार यातच जातात. अर्ध्या तासाने उठवलं, तर गोष्ट रंगायच्या आतच मोडते.

रेघोट्या: शैली नसेल, पण मुलामुलांत फरक असतोच ना? एखादं मूल ठोकळ्यांचा पूल बघता बघता उभा करतं, पण तोच शब्दांत सांगता येत नाही. अशाला चित्रातून शिकवलं तर बिघडलं कुठे?

मोकळामांडव: काहीच नाही, शिक्का मारू नका एवढंच. हुशार मुलांची वाढ सगळ्या बाजूंनी एकसारखी होत नाही. डोक्यात लांबलचक गोष्ट तयार असते, बोटांत मात्र वयाएवढीच ताकद. दोन ओळी लिहून हात दुखतो म्हणून ते तोंडी सांगतं, आणि आपण म्हणतो ‘श्राव्य’! त्याने सांगावं, मोठ्याने लिहून घ्यावं. चार महिन्यांनी पुन्हा बघा. शिवाय मजकूरही वाट ठरवतो. नकाशा ऐकवून कळत नाही, कविता नुसती बघून कळत नाही.

ताळाजुळवा: शैलीबद्दल पुरावा मागता, मग खेळालाही तोच नियम लावा की. मानसशास्त्रज्ञ लिलार्ड आणि सहकाऱ्यांचा 2013 चा आढावा वाचा. कल्पक खेळामुळे सर्जनशीलता किंवा बुद्धी वाढते, असं ठामपणे म्हणता येत नाही, हाच त्याचा निष्कर्ष. हुशार मुलं जास्त खेळ रचत असतील, पण खेळाने हुशार झाली हे कशावरून?

मोकळामांडव: मान्य. खेळाने बुद्ध्यंक वाढतो असा माझा दावा नाही. खेळात मूल कुठे अडतं ते दिसतं, आणि चाचणीत ते दिसत नाही.

सोंगटी: अडण्याचंच सांगते. अशा मुलाच्या खेळात नियम फार होतात: राज्य, त्याचे कायदे, सतरा पदं. बाकीची मुलं कंटाळून निघून जातात, आणि लोक त्याला हट्टी ठरवतात. नियम पुसू नका. प्रत्येक गड्याला एक नियम घालायचा आणि एक मोडायचा हक्क द्या. राज्याचा नकाशा मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावा, म्हणजे सगळं एकाच डोक्यात राहत नाही. जोडीला दोन-तीन वर्षांनी मोठा एखादा गडी मिळाला तर उत्तम. सामान बिननावाचं हवं, म्हणजे ज्याचं काहीही होऊ शकेल असं: ठोकळे, दोन-तीन मोठी कापडं, दोरी, पुठ्ठ्याची खोकी. बटण दाबलं की बोलणारं खेळणं स्वतःचीच गोष्ट पुढे रेटतं.

रेघोट्या: आणि मोठ्यांनी काय करायचं, नुसतं बघत बसायचं?

सोंगटी: बोलावलं तर दुय्यम भूमिका घ्यायची. ‘राजेसाहेब, सैनिक किती?’ हे चालतं. ‘पाच आणि तीन किती?’ विचारलंत की संपला खेळ.

ताळाजुळवा: तरी वाचायला शिकवायचं असेल तर अक्षरं सरळ शिकवावी लागतात. ती खेळातून आपोआप येतील म्हणून थांबू नका. यावर मी ठाम आहे.